घरात लायनफिश पाळावा का? खरोखर पाळलेल्यांनी सांगा

समुद्रफेस

नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्याचा टँक बरीच वर्षं सांभाळतोय, प्रवाळ नाहीत, फक्त मासे आणि लाइव्ह रॉक (सूक्ष्मजीव वसलेले समुद्री दगड). साडेचारशे लिटरचा आहे, खाली संप (यंत्रं ठेवायची वेगळी टाकी), स्किमर (फेसासोबत पाण्यातली घाण काढणारं यंत्र) टँकच्या मानाने जरा मोठाच बसवलाय. सध्या एक फॉक्सफेस, एक टँग आणि क्लाउनफिशची जोडी एवढेच आहेत. गेले कित्येक महिने लायनफिश डोक्यात बसलाय. पर पसरून पाण्यात अधांतरी उभा असतो ना तो, त्याच्यासमोरून पाय निघत नाही माझा. पण घरात सात वर्षांची मुलगी आहे आणि बायकोचं म्हणणं एकच, विषारी मासा घरात नको, पुढे बोलूच नकोस.

तर ज्यांनी खरोखर पाळलाय त्यांनी सांगा, रोजच्या कामात तो कितपत धोक्याचा असतो? व्होलिटान्स (मोठी जात) घ्यावा की ड्वार्फ (लहान) जातीतला? एक जण म्हणतो मधमाशी चावते तेवढंच, दुसरा म्हणतो हॉस्पिटल गाठावं लागलं. खरं काय?

शंखनाद

क्लाउनच्या जोडीचे फोटो काढून ठेवा, आठवण म्हणून.

मोरपिसारा

शंखनाद, खिक्क! पण खरं आहे ते. समुद्रफेस, पहिली गोष्ट तीच, तोंडात मावेल ते सगळं तो खातो आणि त्याचं तोंड बाहेरून दिसतं त्यापेक्षा खूप मोठं उघडतं. क्लाउन, डॅमसेल, कोळंबी, सगळं जाणार. आज नाही तर रात्री.

मी बऱ्याच वर्षांपासून पाळतोय, आधी व्होलिटान्स होता, आता फझी ड्वार्फ आहे. व्होलिटान्स घेताना बोटाएवढा असतो म्हणून लोक फसतात, पण तो चांगला फूटभर वाढतो, कधी त्याहून जास्त, आणि दहा वर्षं सहज जगतो. तुमचा साडेचारशे लिटर म्हणजे त्याच्यासाठी कमीत कमी, त्याच्या खाली नाहीच. त्यात टँग आणि फॉक्सफेस आधीच आहेत. घाण किती करतो ते विचारू नका, एकदा पोटभर खाल्लं की दुसऱ्या दिवशी स्किमरचा कप काळा. फझी ड्वार्फ वीतभरही होत नाही, त्याला तुमची जागा भरपूर आहे.

विषाबद्दल लोक जेवढं घाबरतात तेवढं घाबरायची गरज नाही आणि जेवढं हलक्यात घेतात तेवढं घेण्यासारखंही नाही. तो मागे लागून डंख मारत नाही. पाठीवर १३ काटे, पोटाकडच्या परांना एकेक म्हणजे २, आणि शेपटीच्या आधी खाली ३, असे १८ विषारी काटे. ते जे मोठे पंखांसारखे पसरलेले पर दिसतात त्यांत विष नसतंच. काट्याला दोन बाजूंनी खोबण असते, त्या खोबणीत विषाची ग्रंथी आणि वरून पातळ त्वचेचं आवरण. काटा टोचला की ते आवरण मागे सरकतं, ग्रंथी फाटते आणि विष खोबणीतून जखमेत उतरतं. म्हणजे जोर तुमच्याच हाताचा असतो, मासा फक्त काटे उभे करून तुमच्याकडे पाठ वळवतो.

तुळशीवृंदावन

मला एक कळत नाही, हजारो सुंदर मासे आहेत जगात, मग लहान मूल असलेल्या घरात हाच का? रागावू नका, पण हौस आपली आणि धोका घरातल्या सगळ्यांना, हे मला पटत नाही. वहिनींना माझा पूर्ण पाठिंबा.

खडकातला_खेकडा

+१ तुळशीवृंदावन.

जलबिंदू

तुळशीताई, मुद्दा रास्त आहे पण एक गंमत सांगते. समुद्रफेस यांच्या घरात विषारी मासा आधीपासूनच आहे! फॉक्सफेस. त्याच्या पाठीवर १३ विषारी काटे, पोटाखाली प्रत्येक बाजूला २ आणि मागे खाली ७. शेवाळ खाणारा गरीब मासा म्हणून लोक बिनधास्त जाळीने धरतात, आणि जाळीतून टोचून घेतात. लायनफिशएवढं तीव्र नसलं तरी चांगलं दुखतं.

समुद्रफेस

जलबिंदू, हे मला खरंच माहीत नव्हतं. आता हे घरी वाचून दाखवू की लपवू?

शंखनाद

लपवा. नाहीतर फॉक्सफेसपण जाईल आणि तुम्हीपण.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे म्हणून यात पडतो. मधमाशी की हॉस्पिटल, याचं उत्तर असं की दोन्ही होतं. काटा किती खोल गेला, किती काटे टोचले, कुठे टोचले आणि माणसाची प्रकृती कशी आहे त्यावर आहे. १९८५ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या एका विषबाधा केंद्राकडे पाच वर्षांत आलेल्या ५१ केसेसचा आढावा आला होता, त्यातल्या ४५ लायनफिशच्या होत्या. जवळजवळ सगळ्या जखमा हातांना. म्हणजे समुद्रात पोहणारे नव्हेत, घरी मासे पाळणारे आणि हाताळणारेच. गरम पाण्याने बहुतेकांना आराम पडला होता.

टोचलं तर काय करायचं ते नीट वाचा. विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने मोडतं. त्यामुळे जखम साध्या पाण्याने धुवा, वर दिसणारा काट्याचा तुकडा काढा आणि हात सोसवेल एवढ्या गरम पाण्यात बुडवा, ४५ अंश सेल्सिअसच्या वर नको. अर्धा ते दीड तास. पाणी निवलं की बदला. पाण्याचा गरमपणा दुसऱ्या, चांगल्या हाताने बघा, टोचलेल्या हाताला कळत नाही आणि माणसं हात भाजून घेतात. बर्फ लावू नका, आवळून बांधू नका, जखम कापू किंवा चोखू नका. मग डॉक्टरकडे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन, काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते बघायला एक्स-रे, आणि पुढचे काही दिवस जखमेवर लक्ष, कारण खाऱ्या पाण्यातले जंतू वेगळे असतात आणि साध्या औषधाला दाद देतीलच असं नाही.

धाप लागली, चक्कर आली, ओठ-चेहरा सुजला, छातीत दुखलं तर गरम पाण्यात वेळ घालवू नका, सरळ इमर्जन्सी. अॅलर्जीची रिअॅक्शन कोणालाही येऊ शकते. लहान मूल, गरोदर बाई किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर लक्षणं नसली तरी लगेच दवाखाना.

मोरपिसारा

वाखुसा (वाचनखूण साठवली). डॉक्टर, हे टँकच्या कपाटावर आतून चिकटवून ठेवण्यासारखं लिहिलंत.

भरतीओहोटी

मला टोचलाय, व्होलिटान्स. त्याला दुसऱ्या टँकमध्ये हलवताना जाळीत गुंतला आणि सोडवताना अंगठ्याच्या बुडाशी एक काटा गेला. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच विशेष नाही, मला वाटलं वाचलो. मग ठणका सुरू झाला, हातोडीने घाव घालावा तसा एकेक, आणि तो थांबायच्या ऐवजी मनगटाकडे चढायला लागला. अंगठ्याभोवतीची कातडी पांढरी पडली होती आणि बाकी हात लाल. गरम पाण्यात हात घातल्यावर थोड्या वेळात ठणका ओसरला, पाणी निवलं की परत यायचा. सूज बरेच दिवस होती.

तेव्हापासून जाळी बंद. माशाला जाळीने धरायचंच नाही, काटे गुंततात, माशालाही इजा होते. प्लॅस्टिकचा मोठा पारदर्शक डबा आत बुडवायचा, काठीने माशाला हळूच डब्यात हाकलायचं आणि डबा पाण्यासकट उचलायचा. शांत मासा आहे, आरामात जातो.

शंखनाद

भरतीओहोटी, वाचूनच अंगठा दुखायला लागला.

वाळूचा_किल्ला

पण हातमोजे घातले तर? भांडी घासायचे रबरी मोजे असतात ना जाड, कोपरापर्यंत.

भरतीओहोटी

रबरातून काटा आरपार जातो. काटा न घुसणारे खास मोजे मिळतात, पण तेही पूर्ण भरवशाचे नाहीत आणि त्यांनी हाताची पकड जाते. खरा उपाय म्हणजे हात आत घालायची वेळच कमी आणायची. काचेला चुंबकाचा स्क्रबर, लांब चिमटा, सायफनला लांब नळी. आणि हात घालायचाच असेल तर एक जण मासा कुठे आहे ते बघत उभा, किंवा मासा जाळीदार पार्टिशनच्या पलीकडे. मासा दिसत नसेल तर हात आत नाही.

मोरपिसारा

याला पूर्ण अनुमोदन, आणि एक भर घालतो. जास्त धोका चिडलेल्या माशाचा नसतो, माणसाळलेल्या माशाचा असतो. लायनफिश हुशार आहे, कोण खायला घालतं ते लगेच ओळखतो. तुम्ही हाताने खाऊ टाकत असाल तर हात दिसला की धावत येणार, तुम्ही दगड सरकवत असाल आणि हा मनगटाखाली येऊन उभा. म्हणून पहिल्या दिवसापासून खाऊ फक्त काठीने, नेहमी एकाच कोपऱ्यात. त्याच्या दृष्टीने खाऊ म्हणजे काठी, हात म्हणजे काहीच नाही.

आणि ड्वार्फ म्हणजे धोका कमी, असं कोणी समजू नका. उलट एका बाबतीत जास्त. व्होलिटान्स मोकळ्यावर फिरतो, खोलीत शिरल्या शिरल्या दिसतो. फझी दिवसभर दगडाखाली उलटा चिकटून बसतो आणि रंग असा की दगड कुठे संपला आणि मासा कुठे सुरू झाला कळत नाही. माझा एका कपारीच्या छताला पोट लावून असतो, पर मिटलेले, फक्त डोळ्यावरचा झुबका हलतो तेवढ्यावरून ओळखायचं.

लाटांवरस्वार

लायनफिश जुना झाला आता. मी स्टोनफिश घ्यायचा विचार करतोय. जगातला सगळ्यात विषारी मासा घरात, यासारखं थ्रिल नाही. कोणी ठेवलाय का?

नाडीपरीक्षा

नको. कळकळीने सांगतोय. लायनफिशचं विष बहुतेक वेळा वेदनेवर थांबतं, स्टोनफिशमध्ये वेदना सहन होण्यापलीकडे जाते, रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर परिणाम होतो. त्याच्यासाठी प्रतिविष आहे, १९५९ पासून, घोड्याच्या रक्तातून बनवतात, पण ते ऑस्ट्रेलियात तयार होतं. तुमच्या जवळच्या हॉस्पिटलात ते असेल असं धरून चालू नका.

मोरपिसारा

लाटांवरस्वार, विषाचं राहू द्या बाजूला, तो मासा करतो काय? वाळूत अर्धा पुरून बसतो. आठवडेच्या आठवडे एकाच जागी, अंगावर शेवाळ उगवतं. भक्ष्य तोंडासमोर आलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत गिळतो आणि परत दगड. म्हणजे दिसत नाही, हलत नाही, आणि तुम्ही वाळू साफ करायला हात घातला तर तो बाजूलाही होणार नाही. लायनफिश निदान पाठ वळवून इशारा देतो. थ्रिलसाठी जिवंत प्राणी घरी आणायचा हेच मुळात मला मान्य नाही. त्याला पुढची कित्येक वर्षं रोज सांभाळायचं असतं आणि थ्रिल दोन आठवड्यांत संपतं.

लाटांवरस्वार

भापो (भावना पोचल्या). तूर्तास रद्द.

तुळशीवृंदावन

देव पावला.

मासेमित्र

खाण्याबद्दल कोणीच बोललं नाही. माझा लायनफिश फक्त जिवंत खातो, बाजारातले छोटे गोल्डफिश आणून सोडतो, मस्त शिकार करतो, बघायला मजा येते. फ्रोझनच्या भानगडीत का पडायचं?

जलबिंदू

मासेमित्र, कृपया गोल्डफिश बंद करा. गोल्डफिशमध्ये थायामिनेज असतं, ते जीवनसत्त्व ब१ नष्ट करतं, आणि गोड्या पाण्यातल्या माशाची चरबी समुद्री माशाला मानवत नाही. मासा वर्ष-दोन वर्षं धडधाकट दिसतो, मग एक दिवस खायचं सोडतो, तोल जातो आणि मरतो, आणि लोक म्हणतात काय झालं कळलंच नाही. यकृत चरबीने भरलेलं असतं. शिवाय बाहेरून आणलेल्या माशाबरोबर रोगही येतात.

मासेमित्र

पण तो मेलेलं तोंडात घेतच नाही हो. चार दिवस उपाशी ठेवून बघितला.

जलबिंदू

चार दिवस म्हणजे त्याला काहीच नाही. सुरुवात जिवंत कोळंबीने करा, ती निदान चालते. मग तीच कोळंबी काठीच्या टोकाला लावून त्याच्या तोंडासमोरून हळू हलवा, थोडी थांबवा, परत झटक्यात हलवा. तो आधी दुर्लक्ष करेल, मग पर पुढे पसरून, भक्ष्याला कोपऱ्यात कोंडत असल्यासारखा येईल, जवळ येऊन थबकेल, आणि एकदम तोंड उघडून ओढून घेईल. एकदा घेतली की अर्धं काम झालं. मग त्याच काठीवर फ्रोझन कोळंबी, माशाचे तुकडे, स्क्विड, आलटून पालटून, एकच एक नको. संध्याकाळी लाइट मंद करून द्या, त्याची शिकारीची वेळ तीच. मोठ्या माशाला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. रोज भीक मागतो म्हणून रोज घालाल तर लठ्ठ होऊन मरेल.

मासेमित्र

काठीचं करून बघतो. धन्यवाद.

खडकातला_खेकडा

रच्याकने (जाता जाता), विषारी मासा म्हटलं की सगळे काटे मोजतात. फँगब्लेनी विसरलात. बोटाएवढा रंगीत मासा, लोक प्रवाळाच्या टँकमध्ये हौसेने ठेवतात, आणि त्याचं विष दातांत असतं. २०१७ साली त्यावर संशोधन आलं, त्याच्या विषात अफूसारखं काम करणारे घटक सापडले. मोठ्या माशाने गिळला तर आतून चावतो, मोठ्याचा रक्तदाब पडतो, तोंड सैल होतं आणि हा बाहेर.

शंखनाद

म्हणजे लायनफिशच्या टँकमध्ये सोडायला हाच बरा, परत येईल.

किनारा

विषयांतर नाही, विषयाचाच भाग म्हणून लिहितो. पाळणं झेपलं नाही तर काय, याचा विचार आधी करा. कंटाळा आला, मासा मोठा झाला, की समुद्रात सोडू, असं म्हणणारे मी बघितलेत. अटलांटिकमध्ये लायनफिश मूळचा नाहीच, हिंदी आणि पॅसिफिक महासागरातला. १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पहिला सापडला आणि आज कॅरिबियनभर आहे. १९९२ च्या अँड्र्यू वादळात एका टँकमधून सहा मासे सुटले आणि सगळं सुरू झालं, असं...

जलबिंदू

किनारा, मध्येच तोडते. १९८५ ला सापडला असेल तर १९९२ च्या वादळाने सुरुवात कशी होईल? ती गोष्ट लोकांना आवडते म्हणून फिरते.

किनारा

तेच लिहिणार होतो, चुकून अर्धंच पोस्ट झालं. वादळाची गोष्ट टिकत नाही, पण पाळीव मासे सोडले गेले हे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि जनुकीय अभ्यासातही मूळ मासे थोडेच असावेत असं दिसतं. तिथे त्याला खाणारं फारसं कोणी नाही आणि लहान माशांना हा शिकारी आहे हे ओळखताच येत नाही. मादी वर्षाला वीस लाखांपर्यंत अंडी घालते. बहामामध्ये छोट्या प्रवाळखडकांवर एक प्रयोग केला होता, २००८ मध्ये छापून आला, लायनफिश असलेल्या खडकांवर पाच आठवड्यांत नव्याने येणाऱ्या स्थानिक माशांची भर सरासरी ७९ टक्क्यांनी घटली. पाच आठवडे फक्त. २०१४ मध्ये फ्लोरिडाने जिवंत लायनफिश आणायलाच बंदी घातली. भूमध्य समुद्रातही त्याचा भाऊबंद सुएझमार्गे घुसलाय. इतका देखणा मासा, आणि चुकीच्या पाण्यात पडला की असा. म्हणून घेण्याआधीच ठरवा, नको झाला तर कोणत्या पाळणाऱ्याकडे देणार.

वाळूचा_किल्ला

आणि मेला तर?

भरतीओहोटी

मेलेल्याचे काटेही टोचतात आणि विष लगेच जात नाही. चिमट्याने उचला, जाड डब्यात घाला, झाकण चिकटपट्टीने बंद करा. कचऱ्यात नुसता पिशवीत टाकू नका, तो उचलणाऱ्या माणसाचा काय दोष.

दुर्वा_पाण्यातली

नमस्कार, मी धाग्यातली 'बायको'. आयडी आजच काढलाय. सगळा धागा वाचला, फॉक्सफेसचंही वाचलं, त्याबद्दल घरी बोलणं झालंय. माझी हरकत मासा कुरूप आहे किंवा भीती वाटते म्हणून नाही. हे कामासाठी आठवडा-आठवडा बाहेर असतात. तेव्हा टँक माझ्याकडे. पंप बंद पडला, काच गळायला लागली, मुलीचं खेळणं आत पडलं, तर हात कोण घालणार? मी. मग धोका यांचा नाही, माझा आणि मुलीचा आहे. याचं उत्तर मिळालं तर मी विचार करेन.

तुळशीवृंदावन

वहिनी, लाखात एक प्रश्न विचारलात.

समुद्रफेस

हा प्रश्न मी विचारायला हवा होता, पण तिने जास्त नेमका विचारला. अनुभवी लोक, सांगा.

मोरपिसारा

दुर्वाताई, तुमची अडचण अगदी खरी आहे आणि तिला व्यवस्थेचंच उत्तर आहे. ते बाहेर असताना तुम्ही हात घालायचा नाही, कुठल्याही कारणाने नाही, असं आधीच ठरवून टँक तसा बांधायचा. पंप, हीटर, सगळी यंत्रं खाली संपमध्ये, वर मासा आहे त्या भागात दुरुस्त करण्यासारखं काही ठेवायचंच नाही. एक जादा पंप तयार ठेवायचा, संपमध्ये बदलता येतो, तिथे मासा नाही. टँकला घट्ट झाकण, कुलपाचं, किल्ली उंचावर. झाकण तसंही लागतंच. कुलूप असलं की खेळणं आत पडत नाही. वाढलेल्या, निरोगी लायनफिशला आठवडाभर खाऊ नाही मिळाला तरी काही होत नाही, त्यामुळे खायला घालायचंही काम नाही. फॉक्सफेस आणि टँगसाठी वरून कोरडा खाऊ टाकणारं यंत्र बसतं, झाकणाला तेवढी फट पुरते.

राहिली काच गळायची गोष्ट. तेव्हासाठी मोठा डबा आणि काठी कपाटात, भरतीओहोटींनी सांगितलं तसं, आणि ते बाहेर जायच्या आधी एकदा तुमच्याकडून रिकाम्या टँकमध्ये सराव करून घ्यायचा. शिवाय जवळपास मासे पाळणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याचा नंबर कपाटावर लावून ठेवायचा.

आणि हे सगळं मासा आणायच्या आधी. मासा आणून मग झाकण बघू, असं होणार असेल तर तुमचा नकार बरोबर आहे.

नाडीपरीक्षा

त्यात एक जोडा, मुलीला नीट सांगायचं. घाबरवून नाही, पाठीवरचे काटे दाखवून, का हात लावायचा नाही ते समजावून. सात वर्षांचं मूल उत्तम समजतं. आणि तापमान बघायचा थर्मामीटर कपाटातच ठेवा, ऐन वेळी सापडत नाही.

दुर्वा_पाण्यातली

झाकण आणि कुलूप आधी. पंप खाली नेणं आधी. डब्याचा सराव मी करेन. हे सगळं झाल्यावर ड्वार्फ, मोठा नाही. क्लाउनची जोडी माझी आहे, ती वेगळ्या टँकमध्ये हवी.

समुद्रफेस

हो.

शंखनाद

दुसरा टँक मंजूर झालेला बघितला आज पहिल्यांदा.

जलबिंदू

समुद्रफेस, फझी घेताना दुकानात तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. खात नसेल तर कितीही देखणा असला तरी घेऊ नका. आणि आणल्यावर महिनाभर वेगळ्या टँकमध्ये, अंगावर रोगाचे पांढरे ठिपके येतायत का बघत. त्या टँकलाही झाकण लागेल.

समुद्रफेस

नोंद केली. दोन झाकणांची मापं घेतोय.